मी वाचून दाखवलेला कागद

मुलांनो,

मागच्या महिन्यात तुमच्यातल्या थोरलीचं ऑपरेशन झालं, तेव्हा तुमच्या आईने इथून त्या परदेशातल्या दवाखान्यात फोन लावला. तिथून उत्तर आलं, पेशंट सज्ञान आहे, तिच्या परवानगीशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही. तुमची आई दोन दिवस धुमसत होती. "मी जन्म दिला आणि मलाच सांगत नाहीत!" मी म्हणाले, त्यांचं बरोबर आहे. घरात सगळे माझ्याकडे बघतच राहिले. मग तुम्ही विचारलंत, आजी, तू आईच्या बाजूने का नाहीस? ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. साठ वर्षांत कोणाला सांगितलं नाही, तुमच्या आजोबांनाही अर्धंच माहीत होतं. आता वय झालं, म्हणून आणखी उशीर करत नाही.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं. तुमचे आजोबा सचिवालयात कारकून होते आणि आम्ही महाल नावाच्या वस्तीत राहत होतो. मागच्या गल्लीत विणकरांची घरं. सरकारी दवाखान्यात उपचार फुकट मिळत, कागद मात्र सगळे इंग्रजीत असत. त्या दोन गल्ल्यांत इंग्रजी वाचणारी बाई मी एकटी, इंटरपर्यंत शिकलेली. दुपारी माझ्या ओट्यावर बायका कागद घेऊन जमत. कोणाची लघवी तपासलेली, कोणाच्या छातीचा फोटो. "एवढं शिकून चूलच फुंकते," हे मी सासरी ऐकलं होतं, त्यामुळे या कामाचा मला अभिमान वाटे. कागद मी वरून खाली, एकही ओळ न गाळता वाचत असे. अर्धवट वाचणं मला आळशीपणाचं वाटे.

एका दुपारी मागच्या गल्लीतली एक म्हातारी आली. तिची सून वीस दिवसांपूर्वी दवाखान्यात बाळंत झाली होती, पोट उघडून मूल काढावं लागलं होतं. दुसरीही मुलगीच.

"बाई, हे वाचा ना. सुनेले तेल-पानी कधीपासून कराचं, ते लिवलं असन त्याच्यात."

"तुमच्या मुलाने नाही का सांगितलं?"

"तो कुठं सांगते! ईचारलं का म्हणते, सांगतो, सांगतो. कागद कोनाड्यात दडवून ठेवला होता. आज तो बाहेर गेला अन् मी काढून आनला."

"काय वं बुढे, लेकाच्या घरात चोरी करून राहिली का?" शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले. दडवून ठेवला होता, हे शब्द माझ्या कानावर पडले होते, तरी मी कागद उघडला.

तारीख, वॉर्ड, बाळाचं वजन, भूल, टाके. मग पुढची ओळ: आणखी एक बाळंतपण जिवावर बेतेल. नवरा-बायकोच्या विनंतीवरून दोन्ही नळ्या बांधल्या. यापुढे मूल होणार नाही. टाक्यांचं ज्या आवाजात वाचलं, त्याच आवाजात मी हेही मराठीतून वाचून दाखवलं.

"कोनाले होनार नाही मूल?"

"तुमच्या सुनेला."

"पुन्हा वाचा."

आणि मी पुन्हा वाचलं. आधीपेक्षा सावकाश, आधीपेक्षा स्पष्ट, तिला नीट कळावं म्हणून. ओट्यावर चार बायका होत्या. आज हे लिहितानाही मला त्या दुसऱ्या वाचनाचाच धक्का जास्त बसतो. पहिल्या वेळी मला भान नव्हतं. दुसऱ्या वेळी म्हातारीचा चेहरा माझ्या समोर होता.

"मंजे दोघायनं मिळून ठरवलं," ती म्हणाली. "अन् मले सांगतलं बी नाही." कागद मुठीत धरून ती उठली आणि अनवाणीच गेली. चपला माझ्या पायरीवर राहिल्या. मघाशी चेष्टा करणाऱ्या शेजारणीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि तीही निघून गेली.

चौथ्या दिवशी सून आली. भिंतीचा आधार घेत, पोटावर हात धरून. मी आत बोलावलं, पण ती उंबरठ्याबाहेरच उभी राहिली.

"बाई, कागद माह्या पोटाचा होता. मले ईचारलं काहून नाही?"

"तुमच्या सासूबाईंनी आणला, मला वाटलं..."

"तुमाले वाटलं." ती थांबली. दम लागला होता तिला. "आमी दोघायनं डाक्टरीणबाईले हात जोडले होते, का बुढीले समजू देऊ नका. चार-पाच वर्सं अशीच गेली असती. मंग तीच म्हनली असती, देवानं नाही देल्लं. देवावर रुसली असती, आमच्यावर नाही. डाक्टरीण म्हने, भिऊ नको, मी इंग्रजीत लिहिते. तुमच्या घरात कोन वाचते?"

माझं इंग्रजी गल्लीच्या उपयोगी पडतं असं मी समजत होते. त्या दोघांनी ज्या कडीवर भरवसा ठेवून दार लावलं होतं, ती कडी म्हणजे तेच इंग्रजी होतं, आणि मी ती सगळ्यांदेखत काढली होती.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. असलं घरी जाणाऱ्या कागदावर लिहू नका, असं त्या डॉक्टरीणबाईंना सांगायचं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्या ती दुसऱ्या दवाखान्यात गेली, तर तिथल्या डॉक्टरला कसं कळणार? लिहिणं माझं काम आहे. कोणाचा कागद कोणासमोर वाचायचा, ते तुमचं."

म्हातारीने काटोलकडची एक मुलगी पाहिली. दुसरी बायको करायला तेव्हा आमच्याकडे कायद्याची आडकाठी नव्हती. मुलगा आधी नाही म्हणाला, मग गप्प झाला, मग बायकोला आणि दोन्ही मुलींना उमरेडला तिच्या माहेरी सोडून आला. चार महिने त्याने त्यांना आणलं नाही. तो काय ठरवणार, हे गल्लीत कोणालाच कळत नव्हतं, आणि मला रोज सकाळी उठल्यावर पहिली आठवण त्याच गोष्टीची येई. तो समोरून जाताना मी दाराआड होत असे. एक दिवस त्याने आपला हातमाग सुटा केला, लाकडं बैलगाडीत घातली आणि उमरेडला सासऱ्यांकडे राहायला निघून गेला. "घरजावई झाला," असं लोक म्हणाले. म्हातारीच्या खोलीत मागाचा खड्डा तेवढा राहिला. मरेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

त्यानंतरही बायका कागद आणत. मी आधी विचारत असे, हा कोणाचा? तिलाच येऊ दे. मग दार लोटून तिला एकटीला वाचून दाखवत असे. "बाईले घमेंड चढली," असं ओट्यावर बोललं जाई. एक नवरा तर अंगणात येऊन ओरडला, "बायकोचा कागद अन् मले नाही सांगनार?" मी नाही म्हणाले. तुमच्या आजोबांनी त्या दिवशी विचारलं, एवढी ताठ कधीपासून झालीस?

उमरेडला ते दोघं शेवटपर्यंत एकत्र राहिले. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. ती माझ्याशी पुन्हा कधी बोललेली नाही. तिकडून येणारे सांगतात, ती अजून आहे, धाकट्या मुलीकडे राहते आणि स्वतःच्या पायांनी हिंडते.