पाडव्याचा लेट मार्क

दिवाळीच्या आधी आठवडाभर आमच्या कारखान्यात विचारणा सुरू होते, सणाच्या सुट्टीला कामावर कोण कोण येणार. मागच्या दिवाळीत पाडव्यासाठी पहिलं नाव मी माझंच घातलं. सणसवाडीच्या या कारखान्यात मी पगार काढते. लाइन चालू ठेवायची म्हटलं की हजेरी बघायला ऑफिसातलं कुणीतरी लागतंच. बाकीच्या बायकांना त्या दिवशी नवऱ्याला ओवाळायचं असतं. मला ती अडचण नव्हती.

कामगारांना सुट्टीच्या दिवसाचा डबल पगार मिळतो, ऑफिसवाल्यांना बदली सुट्टी. माझ्या तसल्या सुट्ट्या साठतात आणि वाया जातात. घेऊन करू काय?

माझा नवरा याच कारखान्यात ऑपरेटर होता. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'हे' म्हणतात, तर हे शिरूरहून मोटारसायकलवर यायचे. दोन वर्षांपूर्वी शिफ्ट सुटल्यावर घरी येताना रस्त्यातच गेले. मी बी.कॉम. झालेली, म्हणून कंपनीने मला पगाराच्या टेबलावर घेतलं. लोक म्हणाले, नशीब चांगलं. मी मान हलवली. तेव्हापासून मी बऱ्याच गोष्टींना नुसती मान हलवते. फार दुःख होतं असंही नाही. हाताला मुंग्या आल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही, तसं झालंय.

सणाला ड्युटी असणं मला नवीन नव्हतं. माझं माहेर दौंडचं, रेल्वे कॉलनीतलं. आमच्याकडे सण पंचांगापेक्षा वडिलांच्या ड्युटीवर ठरायचा. एका वर्षी तर लक्ष्मीपूजन भर दुपारी उरकलं. आई म्हणाली, लक्ष्मीला उजेडात घर सापडायला सोपं. त्यामुळे लग्नानंतर यांनी पाडव्याची पहिली शिफ्ट घेतली तेव्हा मी तोंड वाकडं केलं नाही. अंधारात उठायचं, यांना दारात पाटावर बसवायचं आणि ओवाळून मोकळं व्हायचं. हे ताटात नोट टाकायचे आणि म्हणायचे, "डबलमधला ॲडव्हान्स हाय. उडवू नको."

डबलचा हिशोब तसा सोपा आहे. सुट्टीच्या दिवशी हजर असला की हजेरीत एकाच्या जागी दोन लागतात. पण एक मेख आहे. पंचिंगला थोडाफार उशीर माफ असतो, त्यापुढे गेलं की दोनाचा एक होतो. सुट्टीच्या दिवशी लोक निवांत उगवतात, म्हणून कंपनीने हा नियम केलेला.

पाडव्याला एक ऑपरेटर उशिरा आला. पाबळकडचा, धनगराचा मुलगा. उन्हाळ्यातच त्याचं लग्न झालेलं. दिवाळी संपल्यावर तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. यांच्या हाताखाली शिकलेला, म्हणून मला वहिनी म्हणतो.

"वहिनी, माझं डबल गेलं का?"

"गेलंय. उशीर किती केलास!"

"पयला दिवाळसण हुता. सासरवाडी दौंडकडं. मी अंधारातच निघालो हुतो, पण सासूबाई म्हनल्या, पाडव्याचं जावयाला बिनओवाळता कसं धाडू? आन् ही तर आंघोळ करून नुकती ताट लावाय बसलेली. ताटात पैंजण टाकलेत वहिनी. सोनाराला निम्मं द्यायचं हाय. डबल धरूनच घेतलं हुतं."

"मग म्हणायचं तिला, आवर लवकर."

"न्हाई म्हनवलं," तो म्हणाला. "लई हळू ओवाळत हुती. बघतच ऱ्हायलो."

मी नेहमीप्रमाणे मान हलवली. तो गेला. उशिराच्या कारणाच्या रकान्यात मी 'ओवाळणी' असं लिहिलं आणि साहेबांकडे गेले. उशीर माफ करणं त्यांच्याच हातात असतं. एवढं मी आजवर कुणासाठीच केलं नव्हतं.

साहेब जुने, यांना ओळखणारे. कागद बघून हसले.

"ओवाळणी? अहो, असं कारण कुठं चालतं का? उद्या सगळेच ओवाळून घेत बसतील. सिंगल धरा."

मी तिथेच उभी राहिले.

"तुमचे मिस्टर दर पाडव्याला यायचे की," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "तेही शिरूरहून. कधी लेट मार्क नाही. त्यांना घरी ओवाळत नव्हतं का कुणी?"

"मी ओवाळायचे ना," मी म्हणाले. "घड्याळाकडे बघत ओवाळायचे. डबल जायला नको म्हणून."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कागद ओढून सही केली. म्हणाले, "माफ धरा. या वर्षापुरतं."

टेबलावर येऊन मी त्या मुलाच्या एकाचे दोन केले. चांगलं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. नंतर बसल्या बसल्या आठवून बघितलं, निरांजनाच्या उजेडात यांचा चेहरा कसा दिसायचा. पाट आठवला, सुपारी आठवली, भिंतीवरचं घड्याळ अगदी काट्यांसकट आठवलं. चेहरा काही आठवेना.