पूर्ण तिकिटाचा माणूस

सार्वजनिक वाहनात सगळे प्रवासी समान असतात. हे तत्त्व मी बाभळीमागं उकिडवी बसून शिकले.

निमगाव सावाच्या पुढं आमची वस्ती. जुन्नरच्या कॉलेजला जाणाऱ्या आम्ही चौघी. मुलींचा पास मोफत. त्याचे पैसे सरकार भरतं, हे एसटीच्या ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सरकार आमच्या थांब्यावर हात दाखवून उभं राहिलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. थांब्यावर नुसत्या पोरी दिसल्या की गाडी थांबायची नाही. बायकांचं अर्धं तिकीट, म्हाताऱ्यांना फुकट, म्हणून त्यांच्यासाठीही नाही. गाडी थांबायची ती पूर्ण तिकिटाच्या माणसासाठी.

म्हणून आमची एक रीत पडली होती. असा एखादा बाप्या थांब्यावर उभा करायचा. आम्ही बाभळीमागं. गाडी थांबली की पळत सुटायचं. ओढणीला काटे, पायात काटे. लपायचं का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी थांब्यावर असं कुणीच नव्हतं. शेवटी शेजारच्या नानांना बोलावलं, ते पन्नाशीचे, म्हणजे पूर्ण तिकिटाचे. त्यांना कुठंच जायचं नव्हतं. तरी ते बिचारे पिशवी घेऊन उभे राहिले. गाडी थांबली. आम्ही धावलो. कंडक्टर दारातच आडवा.

"नाना, तुमाला बसायचंय का ह्यांना बसवायचंय?"

नानांना खोटं बोलता येत नाही. "मी आपला हात दाखवायला उभा हाय."

गाडी हसली. खिडकीशी आमच्याच गावचे बागायतदार होते, तेही हसले. त्यांची मुलगी आमच्याच वर्गात. ती चारचाकीनं पुढं गेली होती.

कंडक्टर आमच्याकडं वळला. "लपून चढायला शेळ्या हाय का तुमी? फुकटची गर्दी."

आणि त्यानं डबल बेल मारली.

यात मला काय लागलं, सांगते. शेळी म्हणाला, ते नाही. नाना धूळ खात उभे होते आणि जाणाऱ्या गाडीला हात जोडून म्हणत होते, "चुकलं भाऊ." ते लागलं.

बाकीच्या तिघींचं प्रॅक्टिकल दुसऱ्या दिवशी होतं, त्या घरी परतल्या. मी आठवीत मिळालेली सायकल काढली. उसाच्या ट्रॉलीनं मला दोनदा रस्त्याखाली उतरवलं. मोठ्या रस्त्याला सायकलींसाठी पांढरा पट्टा आखला आहे. त्यात गाड्या उभ्या होत्या, एक रसवंती होती आणि पट्ट्याच्या उद्घाटनाचा फलक होता. आमच्या भागातून वेगवान रेल्वे जाणार, असं तर मी लहानपणापासून ऐकते आहे. त्या दिवशी ती गेली असती तरी आमच्या थांब्यावर थांबली नसती.

पोचले तेव्हा परीक्षक निघून गेले होते. वर्ष वाया गेलं. त्याच आठवड्यात घरात स्थळांची चौकशी सुरू झाली. आई म्हणाली, गाडी मिळत न्हाई तर शिकून काय करती. वडिलांनी पाहुण्यांना फोन लावला. म्हणजे ठरलंच होतं.

मी फेरपरीक्षेचा फॉर्म भरला. जुन्नरला क्लासला रोज जायचं, तर रोज गाडी हवी. सोमवारी कॉलेजला निघालेल्या तिघी सवयीनं बाभळीमागं गेल्या. एकीनं मला हाक मारली. मी गेले नाही. थांब्यावरही उभी राहिले नाही. डांबरावर गेले. मधोमध.

हॉर्न वाजला. वाजतच राहिला. गाडी माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली.

ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "मरायचंय का?"

"बसायचंय," मी म्हणाले.

मागून तिघी आल्या. चालत.

आता आम्ही रोज डांबरावर उभ्या राहतो. ऊन असो, शिव्या असोत. कुणी बाप्या पुढं उभा करत नाही. गाडी आमच्यासाठी थांबेल, नाहीतर आमच्यामुळं थांबेल. स्थळं आली, मी कांदेपोहे केले नाहीत.

परवा मला एसटी डेपोतून पत्र आलं. वाहतुकीस अडथळा केल्याबद्दल समक्ष खुलासा करावा, जुन्नर, सकाळी दहा वाजता. त्याआधी जुन्नरला पोचणारी गाडी एकच आहे, तीच.