भोंग्यावर गेलेला दुसरा माइक

चार भिंतींत बोललेलं तुमचं एखादं वाक्य सगळ्या वस्तीनं भोंग्यावरून ऐकलंय का कधी? नसेल, तर संघदीपला हसू नका.

लोहाऱ्यातल्या वस्तीच्या विहारात त्यानं जुना कॉम्प्युटर एकट्यानं उभा केला. शिकवायला कोणी नव्हतं, मोबाइलवर बघून शिकला, तोराही तेवढाच. सारखेच दिसणारे दोन माइक लावले. हॉलमधला भोंग्यासाठी, मागच्या खोलीतला ऑनलाइन सभेपुरता. सुरू होताना कॉम्प्युटरला जो आधी सापडेल तो एक नंबर, मग दुसरा. तेव्हा हॉलचा माइक एक नंबर आला होता, म्हणून संघदीपनं एक नंबर भोंग्याला जोडून टाकला.

"संघ्या, लाइट जाऊन आली अन् नंबर फिरले त?" मोठ्या बहिणीनं, दीपानं विचारलं होतं.

"ताई, तू खिचडी पाह्य. सिस्टम मी पायतो."

पौर्णिमेच्या कार्यक्रमात लाइट गेली, आली. कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला. उकंडाबाबा गायला उभे राहिले. जयंती असो की मयत, वस्तीत पहिलं गीत त्यांचंच. मागच्या खोलीत संघदीप दीपाजवळ करवादला, "या बुढ्याचा गळा गेला आता. काहून उभं करता त्याले? फाटक्या ढोलकीवानी आवाज!"

भोंग्यानं ते पार नाक्यापर्यंत पोचवलं.

बाबांनी सुरू केलेली ओळ तिथंच सोडली. संघदीप धावत हॉलमध्ये आला. "बाबा, मशीननं नंबर बदलवले! दुसराच माइक भोंग्यावर गेला!"

बाबा चपला शोधत होते. "माइक दुसरा असंन बापा. बोलला त तूच ना?"

दुसऱ्या दिवशी त्यानं कॉम्प्युटरला नियम घालून दिला. आधी कोण सापडलं ते बघायचं नाही. माइक कोणत्या पोर्टात खोचलाय त्यावरून नाव. डाव्या पोर्टातला 'हॉल', उजव्यातला 'खोली'. बंद करून, चालू करून पाहिलं. नावं जागची हलली नाहीत. ताईला दाखवायला मात्र मान वर होईना.

बाबांकडे गेला. त्यांनी चहा पाजला, सोयाबीनचं विचारलं. त्यानं गायला बोलावलं, तसे म्हणाले, "गळा गेला ना बापा."

पुढच्या पौर्णिमेला लाइट पुन्हा गेली, आली. हॉलचा माइक हॉलचाच राहिला. त्याच्यासमोर उभं राहायला कोणी पुढं आलं नाही.

तुमच्या घरी अशी सारखी दोन यंत्रं असतील तर त्यांची नावं आजच पोर्टाशी बांधून टाका. आणि लोहाऱ्याकडे आलात, तर उकंडाबाबांच्या दारात जरा थांबा. "बाबा, गायला चला" म्हणा. संघदीपनं म्हणून पाहिलंय. आता तुम्ही म्हणा.