उल्हास-काळूच्या संगमावर पाणी पाहायला

आमच्या ह्यांचे डोळे आले नसते, तर कल्याणच्या पलीकडे नदी कशी दिसते हे मला कधी कळलं असतं की नाही, कोण जाणे.

हे बांधकाम खात्यात ओव्हरसियर. उल्हास नदीच्या आणि तिला मिळणाऱ्या काळूच्या काठांवर खात्याने उन्हाळ्यातच सागवानी खांब रोवून ठेवले होते. त्यांवर काळे-पांढरे पट्टे आणि फुटांचे आकडे. पावसाळ्यात पाणी कोणत्या आकड्यापर्यंत चढतं ते सकाळ-संध्याकाळ पाहायचं, वाटेतल्या विहिरींचं पाणी दोरी सोडून मोजायचं, आणि असे काही पावसाळे पाहिल्यावर पुराचा अंदाज आधीच बांधता येईल, अशी वरच्या साहेबांची कल्पना. श्रावणात ह्यांना संगमावर मुक्कामाला जायचं होतं, आणि निघायच्या आदल्या दिवशी डोळे लालभडक होऊन चिकटले.

"सूनबाईला घेऊन जा," मामंजी म्हणाले. ते आयुष्यभर शाळामास्तर होते, मला वाचायला त्यांनीच शिकवलं. "आकडे तिला चांगले वाचता येतात."

"लोक काय म्हणतील?" सासूबाई.

"लोकांना काय विचारायचंय? विचारायचंय ते पाण्याला."

सासूबाई तोंड फिरवून आत गेल्या. पण पहाटे उठून पाहते तो माझ्या गाठोड्यात पोहे, मेतकूट आणि जाड लुगडी बांधून ठेवलेली! त्या गाठोड्याचे उपकार मला पुढे रोज आठवले.

कल्याणला आगगाडी जाते, आणि घाई असेल त्यांनी आगगाडीनेच जावं. आम्हाला खाडीकाठच्या विहिरी पाहायच्या होत्या, म्हणून कोलशेतच्या बंदरावरून पडावाने, म्हणजे शिडाच्या होडीने, निघालो. ठाण्याहून कोलशेतचा रस्ता श्रावणात म्हणजे नुसता चिखल. बैलगाडीपेक्षा पायी बरं. पडाववाला पास्कल, खाडीकाठचा किरिस्ताव शेतकरी, भात लावून झालं की पडाव चालवायचा. ह्यांच्या डोळ्यांवरची पट्टी पाहून त्याने हात धरून ह्यांना सावकाश पडावात बसवलं आणि मला म्हणाला, "बाय, तुमी मदी बसा. भरतीचं पानी आपल्याला वर नेल, घाबरू नका."

खरंच, शीड न उभारताच भरती आम्हाला वर ढकलत नेत होती. उजवीकडे पारसिकचा डोंगर हिरवागार, त्यावरून धबधब्यांच्या पांढऱ्या रेघा. पुढे डोंबिवलीची भातखाचरं अगदी पाण्याला टेकलेली. बगळे, मिठागरांचे बुजत आलेले बांध, चिखलात पाय रोवून जाळी टाकणारी माणसं. हे पट्टीखालून विचारत, "आता काय दिसतंय?" मी सांगत होते. सुरुवातीला शब्द सुचेनात. घराबाहेरचं कोणाला सांगायची सवय कुठे होती?

डोंबिवलीच्या एका विहिरीवर मी दगड बांधलेली दोरी सोडली, तेव्हा पाणी भरणाऱ्या बायका घागरी टेकवून उभ्या राहिल्या.

"मोजून पानी वाढतंय का गो?" एकीने विचारलं.

"वाढत नाही, पण कुठे मुरतंय ते कळतं."

"मंग आमची हीर उन्हाल्यात खारी का होते, तं इचार तुज्या दोरीला!" सगळ्या खळखळून हसल्या. मीही हसले. पण ह्यांनी ते ऐकलं, आणि विहिरीच्या खारेपणाची नोंद मला लगेच करायला लावली.

कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली उतरून ह्यांच्या चुलत बहिणीकडे राहिलो. कल्याणला जाल तर सकाळी किल्ल्यावरून खाडी जरूर पाहा. समोर कोन गाव, मध्ये पडावांची ये-जा, आणि मागे गावातली कौलं धुरात बुडालेली. दुसऱ्या दिवशी पास्कलने आम्हाला वर, काळू उल्हासला मिळते तिथल्या एका लहान आगरी गावात सोडलं. तो स्वतःही भरती-ओहोटी पाहून परत नेण्यासाठी तिथेच थांबला.

आमचा मुक्काम धर्माबाईच्या पडवीत. धर्माबाई विधवा, वयाने सासूबाईंएवढी, बोलायला खणखणीत. तिची सून सोनी गरोदर, दिवस भरत आलेले. मुलगा कल्याणच्या बंदरावर कामाला गेलेला. गावाची बरीच घरं सखल जागी, मागे एका टेकाडावर गावदेवीचं देऊळ.

पहिले दिवस सुखाचे गेले. सकाळ-संध्याकाळ मी काठावर जायची, आकडा वाचायची, येऊन ह्यांना सांगायची. संगमावरही भरती पोहोचते. पाणी चढायचं, उतरायचं, आणि थोड्याच दिवसांत त्याची चाल मला ओळखीची झाली. चूल मी वेगळी मांडली होती. धर्माबाई लांबूनच म्हणायची, "तुजा भात करपला बग!"

पिठोरी अमावास्येच्या सकाळी मी खांबाजवळ गेले तर ओहोटीची वेळ, आणि पाणी उतरलेलंच नव्हतं. काल त्याच वेळी जो पट्टा कोरडा होता, तो आज बुडालेला. मी बराच वेळ थांबले. पाणी उतरायचं सोडून बोटभर वर आलं. आभाळ मात्र मोकळं. सरीचा पत्ता नव्हता, ऊनसुद्धा पडलं होतं.

मला वाटलं, माझंच चुकतंय. पळत येऊन ह्यांना सांगितलं.

"नीट पाहिलंस?"

"दोनदा पाहिलं. ओहोटी असून चढतंय. आणि रंग गढूळ लाल आहे."

मला वाटलं, आता हे पास्कलला पाठवतील, खरं-खोटं करायला. त्यांनी पाठवलं नाही. उठून उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे घाटात रात्री कोसळलाय. ते पाणी येतंय, आणि दुपारी उधाणाची भरती खालून येईल. दोन्ही इथेच भेटतील. धर्माबाईला बोलाव."

धर्माबाई अंगणात आली, वर पाहिलं. "आभाल तं कोरडं हाय गो बाय. आन आज सन."

"मावशी, मी पाहिलंय," मी म्हणाले. "सोनीला आत्ताच वर न्या. पाणी आलं नाही, तर मला हसा. मी काही म्हणणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग सोनीकडे. मग पदर खोचला आणि गल्लीत जाऊन अशी हाक मारली की साऱ्या घरांतून माणसं बाहेर आली. काही कुरकुरले, एक म्हातारा तर उठेचना. पण धर्माबाई निघाली म्हटल्यावर बाकीचे निघाले. पास्कलने पडाव थेट घरांच्या मागच्या ओढ्यात आणला. सोनीला, म्हाताऱ्यांना आणि भाताच्या कणग्यांना खेपा करून टेकाडाखाली पोहोचवलं. हट्टी म्हाताऱ्याला त्याने सरळ खांद्यावर टाकलं. हे एका हाताने धर्माबाईच्या गाईचं दावं आणि दुसऱ्याने माझा खांदा धरून चढले.

दुपारी देवळासमोरून मी पाहिलं. काळूतून तांबडं पाणी आलं, झाडंच्या झाडं घेऊन. खालून भरतीचं करडं पाणी चढत होतं. दोन्ही भिडली आणि जागच्या जागी फुगली. खाचरं गेली, मग बांध, मग घरांच्या भिंती. आमचा खांब आधी तिरपा झाला, मग दिसेनासा झाला. एकही बाई रडली नाही. सगळ्या नुसत्या माणसं मोजत होत्या. धर्माबाईने पुन्हा पुन्हा मोजली. सगळी होती.

माझी शिधासामग्री खालीच राहिली होती. संध्याकाळी धर्माबाईने देवळामागे चूल पेटवली आणि तांदळाची भाकरी माझ्यापुढे धरली. धरताना कचरली; तिच्या हातचं आम्हाला चालायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. मी भाकरी घेतली, पास्कलशेजारी बसून खाल्ली, ह्यांनाही भरवली. अशी गोड भाकरी मी त्याआधी खाल्ली नव्हती.

पाणी ओसरल्यावर आम्ही निघालो. घरं पुन्हा बांधायची होती, म्हणून ह्यांनी कल्याणला मामलेदार कचेरीत जाऊन बांबू आणि धान्याची मागणी केली, आणि मदत खरोखर गेली. कोलशेतला उतरताना पास्कलने भाडं घ्यायला साफ नकार दिला. फार आग्रह केला तेव्हा सासूबाईंचं उरलेलं मेतकूट मात्र हसत घेतलं.

घरी आल्यावर भाकरीची गोष्ट मी लपवली नाही. सासूबाई उठून चुलीपाशी गेल्या. मामंजींनी एवढंच विचारलं, "पोटभर जेवलीस ना?" थोड्या वेळाने सासूबाईच म्हणाल्या, "त्या पोरीचं बाळंतपण झालं की कळव म्हणावं. दुपटी पाठवू."

तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असाल, तर पावसाळ्यातच जा. नदीची खरी ओळख तेव्हाच होते. मुक्काम मात्र उंचावर करा. आणि काठावरची माणसं सांगतील ते ऐका. माझ्यासारख्या नवख्या बाईचं त्यांनी ऐकलं, ह्याचं नवल मला अजून वाटतं.

घरी आल्यावर आठवड्याभरात ह्यांचे डोळे निवळले. पट्टी सुटली त्या संध्याकाळी आम्ही मागच्या दारी बसलो होतो. हे बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "सगळं माझ्यासमोर झालं, पण मी पाहिलं काहीच नाही. दोन्ही पाणी भेटली तेव्हा कशी दिसली? पहिल्यापासून सांग."

मी सांगायला लागले. ह्या वेळी शब्द शोधावे लागले नाहीत.