डब्यातली लक्ष्मी
चिंचेनं चांदी घासली, की त्या वासासरशी मला ती लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आठवते. पाटावर आमचं पिढीजात नाणं होतं, हळदीकुंकवानं माखलेलं. त्यावरची अक्षरं घरात कुणालाच वाचता यायची नाहीत, म्हणून फराळाला आलेल्या शेजारच्या उर्दूच्या मास्तरांना मीच विचारलं. त्यांनी आधी हात धुतले, मग नाणं दिव्यापाशी धरलं आणि हरखून म्हणाले, “क्या बात है! एका बाजूला सुलतान, दुसऱ्या बाजूला खलिफा. राज्य याचं, धर्म त्याचा!” आईनं नाणं घेऊन डब्यात टाकलं आणि पाटावर साधा रुपया ठेवला. मास्तरांनी ताटलीतली करंजी तेवढी संपवली, “येतो वहिनी” म्हणून उठले. मी त्यांच्यामागं दारापर्यंतही गेलो नाही. आता आई नाही. दर दिवाळीला ते नाणं मीच लख्ख घासतो, आणि परत डब्यातच ठेवतो.