करपलेला चहा

चहा करपलेला होता.

दूध भांड्याच्या तळाला लागलं की जो वास येतो, तो मला कप तोंडाजवळ नेण्याआधीच आला. शेजारी भारती बसली होती. तिनंही कप हातातच धरून ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. समोरच्या बाकावर शिफ्टचे पाच-सहा कामगार आरामात चहा पीत होते. एकानं तर आणखी अर्धा कप मागून घेतला.

मला राहवेना. मी त्याला विचारलं, "भैया, चाय जल गई है ना?"

त्यानं कपात डोकावून बघितलं. म्हणजे बघा, चहा करपलाय का हे तो डोळ्यांनी तपासत होता. "पता नहीं मॅडम. गरम है ना, बस."

ही बोईसरजवळ, कुंभवलीच्या बाजूची एक केमिकल कंपनी. मी आणि भारती तिथं इंटरव्ह्यूला गेलो होतो. पॅकिंगमध्ये दोन जागा होत्या, एक सुपरवायझरची, एक हेल्परची. एचआरचे साहेब मीटिंगमध्ये होते, म्हणून आम्हाला कॅन्टीनमध्ये बसवून ठेवलं होतं.

आता आम्ही दोघी कोण ते सांगते. पालघरात एका कपड्यांच्या शोरूममध्ये आम्ही एक्स्चेंज काउंटरला होतो. गिऱ्हाइकानं परत आणलेला माल घ्यायचा की नाही, हे ठरवणारं काउंटर. मी इन्चार्ज, भारती माझ्या हाताखाली. लोक काय काय करतात म्हणून सांगू! साडी घरी न्यायची, लग्नात मिरवायची, पुन्हा घडी घालून आणायची आणि वर तोंड करून सांगायचं, "उघडलीसुद्धा नाही हो." टॅग बघून ते कळत नाही, टॅग जागच्या जागी असतो. कळतं ते वासावरून. नव्या कपड्याला खळीचा आणि पुठ्ठ्याचा वास येतो. अंगाला लागलेल्या कपड्याला पावडरचा, तेलाचा, नाहीतर कपाटातल्या डांबरगोळ्यांचा.

हे सगळं मला भारतीनं शिकवलं. ती समुद्रकाठच्या मुरब्याची, कोळ्याची पोर. तिची आई पालघरच्या बाजारात मासे विकते, त्यामुळं ताजं-शिळं ओळखायचं नाक तिला लहानपणीच मिळालेलं. साडी नुसती हातात घेतली की म्हणायची, "ताय, ही हळदीत नेसलेली हाय. धूपाजवळ बसलेली बाय." आणि गिऱ्हाईक गप्प! आम्ही मग आत स्टोअरमध्ये जाऊन पोट धरून हसायचो.

मोठे शेठ होते तोवर सगळं सुरळीत चाललं. मग त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसायला लागला. त्यानं फर्मान काढलं, परत आलेलं काहीही असो, इस्त्री मारायची, नवा टॅग लावायचा आणि रॅकवर टांगायचं. मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा एका बाईला नव्या ब्लाउजच्या हुकात कुणाचे तरी केस सापडले. तिनं दुकान डोक्यावर घेतलं. छोट्या शेठनं सगळ्यांसमोर भारतीकडं बोट दाखवलं, "ये लोग ठीक से चेक ही नहीं करते."

माझं डोकंच सणकलं. "शेठ, टॅग लावायला तुम्हीच सांगितलंत ना? मग आता बाईमाणसाच्या मागं काय लपताय?" एवढं बोलून मी काउंटरची चावी त्याच्यापुढं टाकली आणि चपला घातल्या. भारती माझ्या मागोमाग आली. मी तिला म्हटलं, तू थांब, तुझ्या घरी अडचण आहे. ती ऐकेना.

अडचण साधी नव्हती. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. दोन्ही किडन्या कामातून गेल्या आणि तो घरी बसला. आठवड्याला दोनदा डायलिसिस, म्हणजे मशीननं रक्त साफ करून घ्यायचं. ते चुकलं की माणूस फुगतो, त्याला धाप लागते. तिच्या गळ्यातलं होतं तेवढं विकून झालं होतं. दुकानात ई.एस.आय. नव्हतं. ई.एस.आय. म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. पगारातून थोडे पैसे कापतात, पण घरच्यांच्या मोठ्या आजारालाही इलाज मिळतो. नवी नोकरी शोधताना भारतीची अट एकच, ई.एस.आय.चं कार्ड पाहिजे. पगार, वेळ, मान, बाकी सगळं नंतर.

माझी गोष्ट वेगळी. माझ्या मिस्टरांच्या नोकरीत आमच्या घरादाराचं मेडिकल होतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

तर कॅन्टीनमध्ये चहा तसाच ठेवून आम्ही आत गेलो. एचआरचे साहेब वागायला चांगले होते. "कपड्यांच्या दुकानातून केमिकलमध्ये? जमेल का?"

"माल मोजायचा, लेबल लावायचं, माणसं सांभाळायची. साड्या काय आणि पिंपं काय, काम तेच," मी म्हटलं.

ते हसले. मी विचारलं, "आधीची सुपरवायझर का गेली?" परत आलेल्या मालाबद्दल आमचा पहिला प्रश्न हाच असायचा, का परत आला? ती सवय जात नाही.

"तब्येतीचं काहीतरी," ते म्हणाले आणि त्यांनी आम्हाला प्लान्ट दाखवायला पाटील नावाच्या शिफ्ट इन्चार्जबरोबर पाठवलं.

पॅकिंगचं काम अवघड नव्हतं. पांढरी भुकटी पिशवीत भरायची, पिशवी सील करून पिंपात ठेवायची, लेबल लावायचं. पण शेडमध्ये पाऊल टाकलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. नाकात तिखट झिणझिण्या. भारतीनं पदर तोंडाला लावला. तिथल्या बायका मात्र गप्पा मारत काम करत होत्या. मास्क भिंतीवर खिळ्याला टांगलेले होते, दोन्ही गालांवर डब्यांसारखे फिल्टर असलेले. एकावर कोळ्यानं जाळं केलं होतं.

"मास्क घालत नाहीत?" मी पाटलांना विचारलं.

"गुदमरतं म्हणतात. आणि सवय होते हो ताई. पहिले दोन-तीन महिने त्रास, मग नाक सेट होतं."

"आणि पलीकडच्या प्लान्टमधून गॅस सुटला तर?"

"सायरन आहे. पण त्याच्या आधी वास येतोच की. वास आला की सगळं टाकायचं आणि गेटकडं पळायचं. नवीन माणसाला आम्ही पहिल्याच दिवशी हे सांगतो."

मला कॅन्टीनमधला तो माणूस आठवला, कपात डोकावणारा. मी म्हटलं, "पाटील साहेब, तुम्ही आज चहा घेतला का?"

"घेतला की."

"कसा होता?"

"चांगला होता. का हो?"

"सहज विचारलं," मी म्हटलं. पाटील माणूस वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला गेटपर्यंत सोडलं, बोईसर स्टेशनला जाणारी रिक्षा कुठं मिळते तेही दाखवलं. दोघींचं सिलेक्शन झालंय, सोमवारी या, असा एचआरचा फोन आम्ही रिक्षाची वाट बघत असतानाच आला.

फोन ठेवून मी भारतीला म्हटलं, "इथं यायचं नाही."

तिनं तोंडावरचा पदर काढून नीट खोचला.

"अगं, वास आला की पळा म्हणतात, आणि एकाला तरी वास येतो का तिथं? त्या पाटलालासुद्धा येत नाही! तुला कळतंय का मी काय म्हणते ते?"

"कळतंय ताय. तुज्याआधी कळलंय." ती रस्त्याकडं बघत होती. "कार्ड कदीपासून मिळंल, ते बोलले काय?"

"भारती!"

"तुला 'नाय' बोलायला जमतं. मला नाय जमत. आमचा मानूस मशीनवर हाय."

मी तिला खूप बोलले. रागानं बोलले. तुझी पोरगी आहे, तुला काही झालं तर तिनं कुणाकडं बघायचं, असंही बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी रिक्षात जागा धरली.

मी कंपनीला नकार कळवला. पुढं पालघरात एका लॉन्ड्रीत लागले. हॉटेलांच्या चादरी आणि हॉस्पिटलचे कपडे येतात, ते वेगळे करायचं काम. पगार दुकानाइतकाच, कार्ड नाही. घाण असते, पण ती घाण आहे हे कळतं तरी. भारती सोमवारी कंपनीत हजर झाली.

आमचे फोन चालू होते. सुरुवातीला ती म्हणायची डोकं दुखतं, नाकातून पाणी येतं, जेवण जात नाही. मी दरवेळी म्हणायची, मास्क घाल. ती घालायची. पण फिल्टर बदलून मिळत नव्हते आणि मास्क लावून काम मागं पडलं की सुपरवायझर ओरडायची. त्यात एक दिवस नवऱ्याचा इलाज कार्डावर सुरू झाला. त्या दिवशी ती फोनवर रडली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना ऐकलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढं एकदा तिचा आवाज चांगला खणखणीत होता. "ताय, आता काय तरास नाय. डोकं पण दुकत नाय. सवय जाली."

मला पाटलांचं 'नाक सेट होतं' आठवलं.

गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी ती माझ्या घरी आली. माझ्यासाठी डब्यात मासे घेऊन, साफ करून, तुकडे करून, मीठ-हळद लावून. आख्खा मासा असला की कल्ले बघून ताजा-शिळा कळतो. तुकडे केल्यावर मात्र नाकावरच भिस्त. आदल्या रात्री तिच्या घरची लाईट गेली होती, फ्रिज बंद पडला होता. मी डबा उघडला आणि वास भपकन वर आला. माझा मुलगा आतल्या खोलीतून ओरडला, "आई, कसला वास येतोय?"

मी झाकण घाईनं लावलं. पण भारतीनं माझ्या तोंडाकडं बघितलं होतं. दुकानात गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायची, तसंच.

"खराब जालेत ना?" तिनं डबा स्वतःकडं ओढला, उघडून नाकापाशी धरला. एक मोठा श्वास घेतला. आणखी एक घेतला. मग हळूच झाकण लावलं. "आय पन आता मला माशांच्या टोपलीला हात लावू देत नाय," ती म्हणाली.

मला रडू आवरेना. "सोड गं ती नोकरी. उद्या तिथं गॅस सुटला तर तुला कळणार कसं?"

"त्याचं मी केलंय." ती अगदी व्यवहाराचं बोलावं तशी बोलत होती. "आमच्या लाईनीला नवी पोरगी आलीय. तिला अजून वास येतो, रोज शिंकते. मी साहेबांना बोलून तिच्या बाजूची जागा घेतली. ती पळाली की मी पन पळनार."

"आणि तिचं नाक गेलं की?"

"तवर दुसरी येईल. तिथं कोन टिकतं जास्त?"

चहा केला, तो तिनं फुंकून फुंकून प्यायला आणि चांगला झालाय म्हणाली. त्यात मी आलं घातलं होतं. ते तिला कळलं की नाही, मी विचारलं नाही.

ओळखीपाळखीच्या बायका अजून मला विचारतात, दुकान सोडलं, आता कंपनीत जाऊ का? मी एकच सांगते. पगार विचारा, बस विचारा, कार्ड विचारा. पण आधी तिथला चहा घ्या आणि बाकीचे तो कसा पितात ते नीट बघा. आणि घरात कुणी मशीनवर असेल, तर माझा सल्ला तुमच्या काही कामाचा नाही. तुम्ही फक्त शिंकणारी पोरगी कुठं उभी आहे ते बघून ठेवा.