कराची किती वातींवर?

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, अशी आपली रीत. पण यंदा, शेहेचाळीस साली, डॉक्टरीणबाईंनी आमच्या सुमनला कराचीहून हलायलाच मनाई केली. म्हटलं, लेक माहेरी येत नाही ना, मग माहेरच जाईल लेकीकडे! दिवस भरत आले होते आणि बोटीनं किंवा आगगाडीनं वेळेत पोचण्याची आशा नव्हती. जावयांनी कळवलं, जुहूहून विमान आहे, साडेपाचशे मैल, चारेक तासांत कराची.

"चार तासांत तर आपली बैलगाडी दर्यापूरहून अमरावतीले पोचत नाही!" आमचे हे म्हणाले. तिकीट मात्र एकाचंच परवडलं. तेवढ्यात बरी बैलजोडी आली असती.

बडनेऱ्यापर्यंत मोटार, पुढे मेल. सोबत भाकरी-ठेचा. मुंबईपर्यंत हे पोचवायला आले. अकोल्याला चहा घ्यायला उतरले, तर गाडी हलली तरी चहावाल्याशी गप्पाच!

"अवो, चढा ना! मले इथूनच एकटीले धाडता का?"

जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, जुहूला सामानाबरोबर माणसालाही तोलतात. कापसाच्या गाठीसारखी उभी राहिले काट्यावर. डिंकाच्या लाडवांचा डबा भारी भरला, तसे ह्यांनी अर्धे काढून घेतले. "मले परतीच्या वाटेले होतीन," म्हणे!

विमानातल्या मुलीनं हातावर कापसाचा बोळा ठेवला आणि काहीतरी बोलली. त्या घरघरीत ऐकू काय येतंय, कपाळ! वऱ्हाडातल्या बाईच्या हातावर कापूस ठेवला तर ती काय करणार? मी वाती वळायला बसले. आखूड धाग्याचा होता, आमच्या शेतातला नव्हे. खाली आधी समुद्र, मग नुसती पिवळी जमीन. भीती वाटली की एक वात वळायची. शेजारच्या सिंधी काकांनी कानातले बोळे दाखवले तेव्हा उमगलं. पण देवाच्या वाती कानात कोंबायच्या का?

उतरले ती ठार बहिरी. जावई धावत आले, घामाघूम. तोंड हलत होतं, मला अक्षर कळेना.

"सुमन बरी हाये ना?" मी एवढ्यानं ओरडले की हमाल थबकले. त्यांनी मान डोलावली आणि मला टांग्यात बसवलं.

दवाखान्यात सुमन कळा देत होती. तिचं तोंड उघडलेलं दिसायचं, आवाज नाही. मी नुसतं तिचं कपाळ पुसत राहिले. तिन्हीसांजेला कानात टप्पकन काहीतरी फुटलं आणि पहिलं ऐकू आलं ते नातीचं रडणं. मीही रडले, पोटभर.

पाचवीच्या पूजेला त्याच वाती लावल्या.

परत आगगाडीनं आले, हाडं खिळखिळी झाली. शेजारच्या सरूबाईनं विचारलं, "कराची किती लांब हाये वो?"

"मूठभर वाती वळेस्तोवर येते," मी म्हटलं.

एक वात देव्हाऱ्यात जपून ठेवली आहे, नात पहिल्यांदा आजोळी येईल तेव्हा लावायला. ह्यांना मात्र दम नाही, रोज विचारतात, कधी येते म्हणून. मी म्हणते, "घाई कायची? पोरगी जरा मोठी होऊ द्या. कराची काय कुठं पळून चालली?"